हवेचे स्थैर्य : एस्पीपासून नॉर्मंडपर्यंत एका संकल्पनेची जडणघडण

१

उष्ण हवा वर चढते, हे विधान इतके परिचित आहे की त्याला इतिहास असेल अशी शंकाही सहसा येत नाही. चुलीचा धूर, होळीच्या ज्वाळांबरोबर उंच जाणाऱ्या ठिणग्या, वैशाखातील दुपारी माळावर उठणारी वावटळ यांनी ते ज्ञान सर्व समाजांना फार पूर्वीच दिलेले आहे. तथापि एवढ्या ज्ञानातून वातावरणाविषयी फारच थोडे निष्पन्न होते. वर चढणारी हवा कोठवर चढेल, वाटेत तिचे काय होईल, एके दिवशी ती थोड्याच उंचीवर का थबकते आणि दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणाहून निघून गारांचा वर्षाव करणारा ढग का उभारते, या प्रश्नांची उत्तरे त्यात सापडत नाहीत. ती मिळण्यासाठी प्रश्नाचीच मांडणी बदलावी लागली. ‘हवा का चढते?’ या प्रश्नाच्या जागी ‘हवेचा एखादा अंश थोडा वर सारला, तर तो परत खाली येईल की पुढे चढतच जाईल?’ असा सशर्त प्रश्न यावा लागला. हा बदल घडण्यास सुमारे दीडशे वर्षे लागली. त्याचा एक महत्त्वाचा टप्पा, भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय पुण्यात असताना, त्या खात्याच्या प्रमुखाने गाठला. या बदलाची वाटचाल आणि तिच्यात पारिभाषिक शब्दांनी बजावलेली कामगिरी यांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२

इ. स. १६८६ मध्ये एडमंड हॅली याने व्यापारी वाऱ्यांची मीमांसा करताना सूर्यतापाने विरळ झालेली हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यास शेजारची हवा धावते असे प्रतिपादन केले. १७३५ मध्ये जॉर्ज हॅड्ली याने त्यात पृथ्वीच्या परिवलनाची भर घातली. दोघांच्याही विवेचनात चढणारी हवा ही केवळ हलकी वस्तू आहे. बूच जसे पाण्यातून वर येते तशी ती येते. चढताना तिच्यात काही पालट होतो, ही गोष्ट या उपपत्तींत आलेलीच नाही.

तो पालट ओळखण्याचे श्रेय प्रथमतः अठराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या प्रयोगांकडे जाते. इरॅस्मस डार्विन याने १७८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाबाखालील हवा एकाएकी प्रसरण पावली की थंड होते हे प्रयोगाने दाखविले आणि पर्वतशिखरांवरील थंडीचे एक कारण हेच असावे असे सुचविले. जॉन डाल्टन याने लवकरच संपीडन व प्रसरण यांपासून होणाऱ्या उष्णतामानाच्या चढउताराची मोजमापे केली. जोझेफ ब्लॅकच्या अध्यापनातून पुढे आलेली सुप्त उष्णतेची कल्पनाही या वेळी विद्वानांना परिचित झाली होती. म्हणजे साहित्य सर्व जमले होते. हवा चढते, चढताना कमी दाबात येऊन प्रसरण पावते, प्रसरणाने थंड होते, थंड झाल्याने तिच्यातील वाफेचे पाणी होते आणि त्या वेळी सुप्त उष्णता मोकळी होते. या पाच दुव्यांची साखळी मात्र कोणी जोडली नव्हती. पावसाची प्रचलित उपपत्ती जेम्स हटनची होती. भिन्न उष्णतामानाचे दोन दमट प्रवाह एकत्र मिसळले की पाऊस पडतो, असे तीत मानलेले होते. उभ्या गतीला तीत महत्त्वाचे स्थान नव्हते.

३

ती साखळी जोडली फिलाडेल्फियाच्या जेम्स पोलार्ड एस्पी याने. हा मूळचा शाळामास्तर. त्याने एक साधे उपकरण बनविले व त्यास ‘नेफेलोस्कोप’ असे नाव दिले. ग्रीक ‘नेफेले’ म्हणजे मेघ. संस्कृतातील ‘नभस्’ हा त्याच कुळातील शब्द. काचेच्या भांड्यात पंपाने हवा दाबून भरावयाची, ती खोलीच्या उष्णतामानास येऊ द्यावयाची, मग तोटी उघडून दाब बाहेरच्या हवेइतका होताच ती मिटावयाची, अशी प्रयोगाची रीत होती. आतील हवा थंड झालेली असल्याने ती पुन्हा तापू लागली की दाबमापकातील पारा चढतो, आणि किती चढला यावरून ती किती थंड झाली होती ते कळते. कोरडी हवा आणि दमट हवा यांवर हाच प्रयोग केला असता भांड्यात धुके उत्पन्न करणारी दमट हवा कोरडीपेक्षा बरीच कमी थंड होते असे एस्पीला आढळले. सुप्त उष्णतेचा वातावरणातील वाटा अशा रीतीने प्रथमच हातात धरता येण्याजोगा झाला.

यावरून त्याने बांधलेला सिद्धान्त असा. एकदा ढग धरू लागला की चढणारा स्तंभ भोवतालच्या हवेइतक्या वेगाने थंड होत नाही. म्हणून तो तिच्यापेक्षा उष्ण व हलका राहतो आणि अधिकच चढतो. वाफ हे वादळाचे इंधन होय. ढगाच्या तळाची उंची जमिनीवरूनच काढण्याचा एक नियमही त्याने सांगितला. हवेचे उष्णतामान आणि दवबिंदू यांत जितक्या अंश फॅरनहाइटचे अंतर, तितके शंभर यार्ड ढगाचा तळ उंच. आजच्या हिशेबाने हे प्रमाण दर अंशास सुमारे शहात्तर यार्ड भरते. आकडा सुधारला, परंतु नियमाचे रूप तेच राहिले. १८४१ मध्ये त्याचा ‘फिलॉसॉफी ऑफ स्टॉर्म्स’ हा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी अरागो, पूये व बाबिने यांच्या समितीने फ्रेंच अकादमीस त्याच्या कार्याविषयी अनुकूल अहवाल सादर केला.

तथापि एस्पीची लढाई अन्यत्र चालू होती. विल्यम रेडफील्ड याने १८२१ च्या चक्रीवादळानंतर कनेक्टिकट भागातून प्रवास करताना उन्मळून पडलेल्या झाडांचे शेंडे एका भागात वायव्येकडे तर काही मैलांवर नेमके उलट दिशेस असल्याचे पाहिले, आणि वादळ हा प्रचंड भोवरा आहे असा निष्कर्ष १८३१ मध्ये प्रसिद्ध केला. एस्पीच्या मते मात्र हवा सर्व बाजूंनी सरळ मध्याकडे धावते व तेथे वर चढते. जून १८३५ मध्ये न्यू जर्सीतील न्यू ब्रन्सविक येथे झालेल्या तुफानाचे अवशेष दोन्ही पक्षांनी पाहिले. तीच पडलेली झाडे, तीच मोडलेली छपरे. एका पक्षास त्यांत भोवरा दिसला आणि दुसऱ्यास मध्याकडची धाव. पुराव्याचा अभाव हे या वादाचे कारण नव्हते. एक जण ‘वारा कसा वाहतो?’ हे विचारीत होता आणि दुसरा ‘वादळ कशावर जगते?’ हे. दोन भिन्न प्रश्नांची उत्तरे परस्परांची खंडने म्हणून मांडली जात होती. विल्यम फेरेल याने १८५६ मध्ये पृथ्वीच्या परिवलनाचा विचार करून मध्याकडे येणारी हवाच वळून भोवऱ्याचे रूप घेते हे दाखविले, तेव्हा दोघेही अंशतः बरोबर ठरले.

एस्पीच्या कीर्तीस बाध आणणारी दुसरी गोष्ट म्हणजे पाऊस पाडण्याची त्याची योजना. मोठ्या प्रमाणावर जंगले पेटविली तर उष्ण हवेचे स्तंभ उठून पाऊस पडेल, असे त्याने सुचविले आणि त्यासाठी शासनाकडे मागणी केली. लोकांनी त्यास ‘वादळांचा राजा’ हे उपहासाचे नाव दिले. या योजनेतील दोष उपहास करणारांनाही नीट सांगता आला नसता. हवेत पुरेशी वाफ हवी ही अट एस्पीने घातलीच होती. परंतु स्तंभ ज्या हवेतून चढणार त्या वरच्या थरांचे उष्णतामान काय, यावर सर्व अवलंबून आहे, आणि त्या थरांची नियमित मोजणी त्या काळी कोठेच होत नव्हती. इंधन ठाऊक होते; ते केव्हा पेट घेईल हे ठाऊक नव्हते.

४

ही उणीव दोन बाजूंनी भरून आली. एकीकडे फुग्यांतून आरोहणे होऊ लागली. १८५२ मध्ये जॉन वेल्श याने आणि १८६२ पासून जेम्स ग्लेशर याने इंग्लंडात उंचीवरील उष्णतामानाच्या नोंदी केल्या. दुसरीकडे उष्णता व कार्य यांच्या परस्परसंबंधाचे नवे शास्त्र सिद्ध झाले होते. विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिन, याने १८६२ मध्ये मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधात एक काल्पनिक प्रश्न विचारला. वातावरणातील अंश परस्परांत उष्णतेची देवघेव न करता सतत वरखाली होत राहिले, तर उंचीबरोबर उष्णतामान कोणत्या प्रमाणात घटेल? कोरड्या हवेसाठी उत्तर दर शंभर मीटरला जवळजवळ एक अंश सेल्सियस असे येते. वेल्शच्या नोंदींतील घट याहून बरीच कमी होती. वाफेचे पाणी होताना सुटणारी उष्णता हिशेबात घ्यावी, ही सूचना जूल याने केली. ती घेतल्यावर गणित व निरीक्षण यांतील अंतर पुष्कळसे मिटले. एस्पीने काचेच्या भांड्यात पाहिलेली गोष्ट आता समीकरणात आली.

उष्णतेची देवघेव न होता घडणाऱ्या बदलास रँकिनमुळे ‘ॲडिअबॅटिक’ हे विशेषण रूढ झाले. शब्द ग्रीक आहे. ‘ज्यातून पार जाता येत नाही’ असा त्याचा अर्थ. त्याचे घटक पाहिले तर आरंभीचा नकार संस्कृतातील ‘अ’ आणि अखेरीचा धातू संस्कृतातील ‘गम्’ यांचे सगोत्र निघतात. म्हणजे ‘अगम्य’ हा शब्द त्याचा जवळचा आप्त होय. येथे अगम्यता आहे ती उष्णतेला. हवेच्या अंशाभोवती उष्णतेस ओलांडता न येणारी एक कल्पित भिंत आहे.

‘स्थैर्य’ या कल्पनेचा प्रवेश याच सुमारास झाला. जर्मनीतील थेओडोर राय याने १८६४ मध्ये आणि फ्रान्समधील पेस्लँ याने १८६८ मध्ये उभ्या दिशेतील समतोल स्थिर केव्हा व अस्थिर केव्हा याचा निकष मांडला. भोवतालच्या हवेतील घट चढणाऱ्या अंशाच्या घटीपेक्षा कमी असेल, तर तो अंश वर जाताच भोवतालापेक्षा थंड व जड होतो आणि परततो. ही स्थिर अवस्था. घट अधिक असेल, तर तो भोवतालापेक्षा उष्ण राहून दूर दूर जातो. ही अस्थिर अवस्था. ‘स्टेबल’ हा शब्द लॅटिन ‘स्तारे’ म्हणजे उभे राहणे यापासून आलेला असून त्याचा आणि ‘स्थिर’ या शब्दाचा मूळ धातू एकच. परंतु व्यवहारातील ‘स्थिर’ म्हणजे न हलणारे आणि यामिकीतील ‘स्थिर’ म्हणजे हलविले असता परत येणारे. वाटीच्या तळाशी असलेली गोटी आणि पालथ्या वाटीच्या माथ्यावर तोललेली गोटी दोन्ही निश्चल असतात, पण त्यांतील पहिलीच स्थिर होय. अस्थिर हवा पूर्णपणे शांत असू शकते, आणि स्थिर हवेत सोसाट्याचा वारा वाहू शकतो. हवामानशास्त्राच्या विद्यार्थ्यांची पहिली गफलत बहुधा याच ठिकाणी होते.

याच निकषाच्या आधाराने आणखी एक जुना वाद निकालात निघाला. आल्प्स पर्वताच्या खोऱ्यांत अवचित उतरणारा उष्ण, कोरडा वारा ‘फॉन’ या नावाने ओळखला जातो. हे नाव लॅटिन ‘फावोनियुस’पासून, म्हणजे पश्चिमेच्या मंद वाऱ्याच्या नावावरून, आलेले. तो सहारातून येतो असे मत प्रबळ होते. युलियुस हान याने १८६६ मध्ये दाखविले की त्याची उष्णता बाहेरून आणलेली नसून उतरण्यातूनच उत्पन्न झालेली आहे. चढताना ढग धरल्यामुळे हवा सावकाश थंड होते, पाणी मागे टाकते आणि उतरताना कोरडी असल्यामुळे वेगाने तापते. पावसाळ्यात महाबळेश्वराकडून वाईकडे उतरताना काही मैलांतच पावसाचे प्रमाण झपाट्याने घटते, त्याच्या मुळाशीही हेच चढणे व उतरणे आहे.

५

यानंतरचा टप्पा आकृत्यांचा. हाइनरिश हर्ट्झ याने १८८४ मध्ये दमट हवेच्या बदलांचा आलेख तयार केला. त्यामुळे जे गणित करण्यास तास लागे ते कागदावर रेघ ओढून होऊ लागले. १८८८ मध्ये हेल्महोल्ट्झ व बेझोल्ड यांच्या लेखनातून ‘संभाव्य उष्णतामान’ ही राशी पुढे आली. हवेचा अंश कोरड्या अवस्थेत ठराविक दाबापर्यंत आणला असता त्याचे जे उष्णतामान होईल ते त्याचे संभाव्य उष्णतामान. चढउतारात प्रत्यक्ष उष्णतामान पालटते, हे पालटत नाही. म्हणून ते हवेची ओळख पटविणारी खूण ठरते. हे नावही सशर्त क्रियापदाचेच नाम आहे; ‘आहे’ असे न सांगता ‘आणले तर होईल’ असे ते सांगते. १९०२ मध्ये तेसेराँ द बोर व आसमान यांनी उष्णतामान घटण्याचे थांबते असा उंचीवरचा थर प्रसिद्धीस आणला, तेव्हा मेघांचे माथे ऐरणीसारखे सपाट का पसरतात याचा उलगडा झाला. पहिल्या महायुद्धानंतर नेपियर शॉ याने उष्णतामान व एंट्रॉपी यांच्या अक्षांवर आखलेला ‘टेफिग्राम’ प्रचारात आणला. यातील क्षेत्रफळ हे थेट ऊर्जेचे माप असल्याने चढणाऱ्या अंशास मिळणारी किंवा त्याला खर्चावी लागणारी ऊर्जा डोळ्यांनी मोजता येऊ लागली.

या सर्व आलेखांत चढणाऱ्या अंशास इंग्रजीत ‘पार्सल’ म्हणतात. लॅटिन ‘पार्तिकुला’, म्हणजे लहानसा भाग, हे त्याचे मूळ. पण आजच्या अर्थात त्यास वेष्टन चिकटले आहे, आणि शास्त्राला नेमके तेच सोयीचे पडले. असे वेष्टन वातावरणात कोठेही नसते. खरी हवा भोवतालच्या हवेत मिसळत जाते आणि म्हणून खरे ढग आलेखाने वर्तविलेल्या उंचीपेक्षा बहुधा खुजे राहतात. सोयीसाठी स्वीकारलेली कल्पना वस्तू म्हणून समजली गेली की भाकिते फसतात.

६

युरोपातील निरीक्षणांवर वाढलेल्या या विचारास उष्ण कटिबंधात एक निराळीच अडचण भेटली. कोरड्या हवेची घट दर किलोमीटरला सुमारे ९·८ अंश. उष्ण व संतृप्त हवेची घट मात्र जमिनीजवळ ४ अंशांच्या आसपास. या दोहोंतील अंतर जितके मोठे तितकी अशी हवा अधिक, जी कोरडी असेपर्यंत स्थिर आणि संतृप्त होताच अस्थिर. भारतात पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत हीच अवस्था सर्वसाधारण होय. येथे ‘स्थिर’ किंवा ‘अस्थिर’ असे एका शब्दाचे उत्तर निरुपयोगी ठरते.

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. वरच्या हवेच्या निरीक्षणासाठी १९१४ मध्ये आग्रा येथे वेधशाळा निघाली. १९२८ मध्ये मुख्य कार्यालय शिमल्याहून पुण्यास शिवाजीनगर येथे आले, आणि पुणेकरांनी त्या मनोऱ्याच्या इमारतीस ‘सिमला ऑफिस’ हेच नाव दिले. मुख्यालय पुढे १९४४ मध्ये दिल्लीस गेले. चार्ल्स नॉर्मंड हे विसाव्या शतकातील तिसऱ्या दशकाच्या अखेरीपासून १९४४ पर्यंत खात्याचे प्रमुख होते. मूळ शिक्षण रसायनशास्त्राचे. १९२१ मध्ये खात्याच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाच्या नोंदीस नवा अर्थ दिला. हवेच्या अंशाच्या उष्णतामानातून काढलेली कोरडी रेषा, ओल्या तापमापकाच्या नोंदीतून काढलेली संतृप्त रेषा आणि दवबिंदूतून काढलेली आर्द्रतेची रेषा, या तीनही आलेखावर एकाच बिंदूत मिळतात, आणि तोच ढग धरण्याचा बिंदू. एस्पीच्या शंभर यार्डांच्या नियमाला मिळालेले हे काटेकोर रूप म्हणता येईल.

१९३८ मध्ये लंडनच्या हवामानशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकात नॉर्मंड यांचा बाष्पजन्य अस्थैर्यावरील लेख आला. सशर्त अस्थिर हवेचे त्यांनी तीन प्रकार पाडले. एका प्रकारात अंश कितीही वर नेला तरी त्यास ऊर्जा मिळत नाही. ही हवा स्थिरच. दुसऱ्यात काही उंचीनंतर ऊर्जा मिळते, पण तेथवर पोचण्यास त्याहून अधिक खर्चावी लागते; हे आभासी अस्थैर्य. तिसऱ्यात मिळकत खर्चापेक्षा अधिक. हे खरे सुप्त अस्थैर्य. ‘सुप्त’ हा शब्द येथे अर्थपूर्ण आहे. ब्लॅकने उष्णतेस लाविलेले विशेषण नॉर्मंड यांनी अस्थैर्यास लाविले. ऊर्जा आहे, पण दडलेली. आणि ती जागी करण्यास आरंभीचा खर्च कोणीतरी केला पाहिजे. डोंगराचा चढ, दोन प्रवाहांचा संगम किंवा दुपारचे ऊन यांपैकी कोणीही तो करू शकते.

बंगालमधील कालवैशाखीचे वादळ हे याचे ठळक उदाहरण होय. चैत्र-वैशाखात उपसागरावरून आलेली दमट हवा खाली पसरते आणि तिच्यावर पश्चिमेकडील कोरडी, उष्ण हवा झाकणासारखी बसते. दिवसचे दिवस काहीही घडत नाही. झाकणामुळे खालची वाफ उधळून जात नाही, उलट साठत राहते. ज्या दिवशी झाकण फुटते त्या दिवशी साठलेले सर्व एकदम मोकळे होते. स्थैर्य हेच येथे पुढील उत्पाताचे भांडवल ठरते. जंगले पेटविणाऱ्या एस्पीच्या योजनेस जे उत्तर त्याच्या काळात देता आले नाही ते येथे मिळते. आगीने आरंभीचा खर्च भागेल. पण मिळकतीचे क्षेत्र आलेखावर असले पाहिजे.

याच काळात पुण्याच्या कृषी-हवामान विभागाचे एल. ए. रामदास यांनी सिद्धान्ताच्या दुसऱ्या टोकास धक्का दिला. निरभ्र, निवांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला टेकलेली असावी असे मानले जाई. रामदास व आत्मनाथन यांनी १९३२ मध्ये दाखविले की ती जमिनीपासून काही डेसिमीटर वर आढळते. म्हणजे जड हवा वर आणि हलकी खाली, तरीही उलथापालथ नाही. उपकरणाचा दोष म्हणून या निरीक्षणाकडे प्रथम संशयाने पाहिले गेले. नरसिंहा व त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात प्रारणाच्या आधारे त्याची उपपत्ती लावली. अंशाभोवतीची ‘अगम्य’ भिंत प्रारणास मुळीच अगम्य नाही, हा या प्रकरणाचा बोध.

७

वरील वृत्तान्तावरून एक गोष्ट स्पष्ट होते. स्थैर्य हा हवेच्या अंगचा, रंगासारखा दिसणारा गुण नव्हे. अंश किती सारला, कोणत्या दिशेने सारला, तो कोरडा की संतृप्त, आणि भोवतालाशी त्याची देवघेव होते की नाही, या अटी सांगितल्यावाचून ‘वातावरण अस्थिर आहे’ हे वाक्य अपुरे राहते. एस्पी व रेडफील्ड यांचा वाद, फॉनविषयीचा भ्रम, पाऊस पाडण्याची योजना आणि रामदासांवरील संशय या चारही ठिकाणी शास्त्रज्ञ अडखळले ते एखादी अट न उच्चारल्यामुळे. मराठीत या शास्त्राची परिभाषा घडविणारांनी प्रतिशब्दांची निवड करताना ही बाब ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. ‘स्थिर’, ‘संभाव्य’, ‘सुप्त’ हे शब्द भाषेत पूर्वीपासून आहेत आणि त्यामुळे ते सोपे वाटतात. परंतु त्या प्रत्येकात एक ‘जर’ दडलेला आहे, आणि अध्यापनात तो ‘जर’ मोठ्याने म्हटला गेला तरच त्या शब्दांचा अर्थ विद्यार्थ्यांच्या हाती लागतो.